उड्या मारायच्या सायकलला चाक कसलं हवं? रिमच्या आधी स्पोक आणि आख बघा

माउंटन बाइकवरून कड्यावरून उडी मारण्याचे व्हिडिओ मोबाईलवर आले आणि गावोगावची पोरं शेताच्या बांधावरून, पाझर तलावाच्या भरावावरून, बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीतून सायकली उडवायला लागली. त्यात वावगं काही नाही. पोरं मोबाईल खाली ठेवून मातीत उतरतात हे बरंच आहे. पण दोन-चार महिन्यांत सायकल दुरुस्तीला येते ती मागचं चाक इंग्रजी आठासारखं पिळलेलं घेऊन. घरचे म्हणतात सायकलच बोगस निघाली. पोरगं म्हणतं रिम हलकी होती. दुकानदार म्हणतो उड्या मारायला सांगितलं कुणी? तिघांचंही थोडंथोडं खरं असतं. पण नवी रिम टाकून सायकल परत त्याच बांधावर जाते आणि पुन्हा तेच होतं, कारण चाक नेमकं कशानं गेलं हे कुणी बघितलेलंच नसतं.

या खेळाला फ्रीराइड म्हणतात. शर्यत नाही, घड्याळ नाही. डोंगराचा उतार बघायचा, आपली वाट आपण ठरवायची आणि खडक, कडे, खड्डे घेत खाली यायचं. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत १९९० च्या दशकात हा प्रकार वाढला. तिथल्या ओल्या जंगलात पोरांनी फळ्यांचे अरुंद पूल बांधले आणि त्यावरून सायकली घातल्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात व्हर्जिन गावाजवळ तांबड्या मातीच्या कड्यांवर ‘रेड बुल रॅम्पेज’ ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी कॅनडाचा वेड सिमन्स जिंकला. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या केली मॅकगॅरीनं तिथं ७२ फुटांची दरी उलटी कोलांटी मारत ओलांडली, तो व्हिडिओ जगभर फिरला. २०२४ पासून तिथं महिलांचीही स्पर्धा होते.

व्हिडिओत एक गोष्ट नीट दिसत नाही. उडी जिथं उतरते ती जागा सपाट नसते. स्पर्धक आणि त्यांचे सोबती आधी काही दिवस टिकाव-फावडं घेऊन उतरायचा उतार घडवतात. सायकल उतारावर उतरली की धक्का पुढच्या वेगात निघून जातो. आपल्याकडची पोरं बांधावरून उडतात आणि खाली सपाट, कडक रानात आदळतात. उंची व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी असते, पण मार सगळा चाकावर येतो.

साधा हिशेब करून बघा. पोरगं ७५ किलोचं आणि सायकल १५ किलोची, म्हणजे ९० किलो. एक मीटर उंचीवरून हे सपाट जागी पडलं आणि गुडघे, कोपर, पुढचा शॉकअप मिळून २० सेंटिमीटरमध्ये वजन थांबलं, तर थांबताना सरासरी जोर सुमारे ५४० किलोचा होतो. हेच पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सुमारे १,९०० किलो. उंची तीच, सायकल तीच, जोर साडेतीन पट. त्यामुळे एकाच गावात, एकाच कंपनीची सायकल एका पोराकडे वर्षभर टिकते आणि दुसऱ्याकडे महिन्यात चाक जातं. कोण कसं उतरतं, यावर अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं चाकाचं, ते पुढे बघू.

गाडीचं चाक आणि सायकलचं चाक

बैलगाडीचं जुनं लाकडी चाक सगळ्यांनी बघितलंय. तिथं भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. आरा म्हणजे खांबच. सायकलचा स्पोक दोन मिलिमीटरची तार. तिच्यावर उभा भार टाकला तर ती वाकेल. मग सायकल उभी कशी राहते? तर प्रत्येक स्पोक आधीच ताणून बसवलेला असतो. चांगल्या बांधलेल्या चाकात जास्त ताणाच्या बाजूचा एकेक स्पोक १०० ते १२० किलोच्या आसपास ओढलेला असतो. ३२ स्पोकांचा ताण एकत्र केला तर अडीच-तीन टन होतो, म्हणजे उसानं भरलेल्या बैलगाडीच्या आसपास. तो सगळा ताण ती पातळ रिम सगळीकडून आत ओढून धरते. सायकलवर माणूस बसला की जमिनीकडच्या चार-पाच स्पोकांचा ताण थोडा सैल होतो, चाक पुढे फिरलं की परत येतो. चाकाची ताकद म्हणजे हा ताण.

आता उडी मारल्यावर खालच्या स्पोकांचा ताण एकदम शून्यावर गेला तर तेवढ्या क्षणापुरता रिमला तिथं धरणारं काहीच उरत नाही. त्यात सायकल जरा तिरकी पडली की रिम बाजूला निसटते आणि आठ होतो. दुसरं नुकसान हळू होतं. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात ढिला-ताठ, ढिला-ताठ होत राहतो. तार हातानं मागं-पुढं वाकवून तोडतो तसाच तो हबच्या भोकापाशी, जिथं त्याला कोपरा आहे, तिथं तुटतो. एक तुटला की शेजारच्यांवर ताण वाढतो आणि मग आठवड्यात दोन-तीन जातात. असं झालं की दुकानात एकेक स्पोक बदलत बसण्यात अर्थ नसतो. बाकीचेही थकलेले असतात. पूर्ण संच बदलून चाक नव्यानं बांधून घेणं शेवटी स्वस्त पडतं.

म्हणून चाक घेताना पहिला प्रश्न रिम कुठल्या कंपनीची हा नाही. स्पोक किती, कसले आणि कुणी ताणले, हा आहे.

स्पोक किती

दूधवाल्याची जुनी काळी सायकल बघा. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक. मागच्या चाकावर कॅन, माणूस, कॅरिअर सगळं येतं हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं. उडी मारणाऱ्या सायकललाही हेच लागू आहे. आधी मागचं चाक जातं. पैसे मोजकेच असतील तर मागच्या चाकावर घाला, पुढचं सध्या आहे ते नीट ताणून घ्या.

उड्यांसाठी ३२ च्या खाली जाऊ नये. वजनदार माणूस असेल तर मागे ३६ बरे. २४ किंवा २८ स्पोकांची चाकं हलकी, दिसायला झकपक. ती वेगानं रस्त्यावर किंवा चढावर चालवणाऱ्यांसाठी आहेत. काही कंपन्या २८ स्पोकांचीही मजबूत चाकं करतात, पण त्यांचे हब, रिम, स्पोक एकमेकांसाठी बनवलेले असतात आणि एखादा स्पोक तुटला तर तसाच तालुक्याला मिळत नाही. रविवारी तुटला तर सोमवारी बाजारपेठेत मिळेल असा स्पोक असणं, हीसुद्धा मजबुतीच आहे.

जाडी दोन मिलिमीटर, म्हणजे दुकानाच्या भाषेत १४ नंबर. स्टेनलेसचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त असतो, पण पावसाळ्यात निपलपाशी गंजून जाम होतो आणि नंतर ताण द्यायला गेलं की फिरतच नाही. शहरातल्या दुकानात मधे बारीक केलेला स्पोकही मिळतो, दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मधे १.८. ऐकायला उलटं वाटेल, पण हा जास्त टिकतो. मधला बारीक भाग किंचित लांबतो, त्यामुळे धक्का कोपऱ्यावर कमी येतो. उगीच जाड स्पोक घेतला तर तो लांबत नाही आणि सगळा त्रास कोपरा आणि रिमच्या भोकाला होतो.

निपल पितळेचे असावेत. ॲल्युमिनियमचे रंगीत निपल छान दिसतात, वजनही काही ग्रॅम वाचतं, पण त्यांचे कान लवकर घासतात. आणि स्पोक एकमेकांना तीनदा ओलांडतील अशी गुंफण हवी. सरळ टाकलेले स्पोक डिस्क ब्रेकच्या चाकाला चालत नाहीत; ब्रेक हबला लागतो आणि तो जोर रिमपर्यंत तिरक्या स्पोकांनीच जातो.

रिम

रिम एकपदरी आहे की दुपदरी, हे सर्वात आधी. टायर आणि पट्टी काढली आणि निपलची डोकी थेट दिसली तर ती एकपदरी. आत दुसरी भिंत असेल आणि निपल तिच्या भोकांतून खाली खोल दिसत असतील तर दुपदरी, म्हणजे चौकोनी नळीसारखी. उडीसाठी एकपदरी रिम घेऊच नये, कितीही जाड वाटली तरी. नळी आणि पट्टी यांत वाकायला कोण सोपं, हे शेडचं काम केलेल्या कुणालाही सांगायला नको.

रुंदी आतून २५ ते ३० मिलिमीटर ठीक. त्यावर २.३५ ते २.५ इंची टायर नीट बसतो, बाजूला कलंडत नाही. अरुंद रिमवर जाड टायर घातला तर वळणावर तो डुलतो.

कार्बनच्या रिमबद्दल पोरं विचारतात. त्या हलक्या आहेत, चांगल्या बनवलेल्या मजबूतही असतात. पण ॲल्युमिनियमची रिम दगडावर आपटली तर चेपते, ठोकून-ओढून घरी यायच्या कामाची होते. कार्बन चेपत नाही, तडकतो. गावाकडे ती दुरुस्त होत नाही आणि किंमतीत दुसरी सायकल येते. ॲल्युमिनियम बरं.

आकाराचं असं आहे की चाक जेवढं लहान, तेवढे स्पोक आखूड आणि चाक ताठ. सुरुवातीच्या काळात फ्रीराइडवाले २६ इंची चाकं वापरायचे आणि काही सायकलींना कंपनीकडूनच पुढे २६, मागे २४ अशी जोडी यायची. आता २७.५ आणि २९ इंची चालतात, कारण रिम आणि हब सुधारले आणि मोठं चाक दगडावरून सहज जातं. आपल्याकडे विचार करताना २६ इंची रिम, टायर, ट्यूब जवळजवळ प्रत्येक तालुक्याला मिळते हे लक्षात ठेवावं. जुनी २६ इंची चांगली फ्रेम घरात असेल तर ती जुनी झाली म्हणून टाकू नका.

आख वाकतो तो का

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. चाक सरळ आहे, स्पोक घट्ट आहेत, तरी मागचं चाक फ्रेमला घासतं. उघडून बघावं तर आख वाकलेला.

साध्या गिअरच्या सायकलला फ्रीव्हील असतं. दात्यांचा तो सगळा गठ्ठा हबवर बाहेरून आट्यांनी चढवतात. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत, हबपाशी राहतात, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा आख गठ्ठ्याच्या आतून आधाराशिवाय जातो. सहा-सात दात्यांचा गठ्ठा म्हणजे तीन-चार सेंटिमीटर आख लोंबता. उडीत तोच वाकतो. शिमानो कंपनीनं १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात फिरणारा भाग हबचाच असतो आणि उजवीकडचे छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ जातात. आखाला दोन्ही टोकांना आधार मिळतो. दात्यांचा संच त्यावर नुसता सरकवून नटानं आवळतात, त्याला कॅसेट म्हणतात. दुकानात ‘फ्रीव्हील आहे की कॅसेट’ एवढं विचारलं तरी अर्धं कळतं. उड्या मारायच्या असतील तर मागचा हब कॅसेटचाच घ्या. या एका बदलानं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रिमनं पडत नाही.

त्यापुढची पायरी जाड आखाची. साध्या सायकलला पुढे ९ आणि मागे १० मिलिमीटरचा आख, तो फ्रेमच्या उघड्या खाचेत बसतो. फ्रीराइडच्या सायकलला खाच नसते, पूर्ण गोल भोक असतं आणि त्यातून पुढे १५ किंवा २० मिलिमीटरचा, मागे १२ मिलिमीटरचा पोकळ आख आरपार जातो. चाक निसटायचा प्रश्नच उरत नाही. मागच्या हबची रुंदीही वाढत गेली, १३५ वरून १४८, आणि उतारावरच्या सायकलींत १५० आणि १५७ मिलिमीटर. रुंद हब म्हणजे दोन्ही बाजूंचे स्पोक जास्त पसरलेले, तंबूच्या दोऱ्या लांब ठोकल्यासारखे. बाजूचा धक्का मग चांगला झेलला जातो.

पण लक्षात घ्या, ही चाकं साध्या फ्रेमला आणि साध्या शॉकअपला बसत नाहीत. जुन्या बाजारात जाड आखाचं चाक स्वस्त मिळालं म्हणून आणू नका. आधी आपल्या फ्रेमच्या मागच्या दोन कानांमधलं अंतर आतून मोजा आणि खाच आहे की भोक ते बघा. खाच वेल्डिंग करून भोक करून देणारे मिळतील. करू नका. ॲल्युमिनियमची फ्रेम तापवली की तिथंच नरम पडते.

टायर आणि हवा

रिमला दगड लागतो तो हवा कमी असल्यावर. टायर दबून रिमपर्यंत जातो, ट्यूब मधे चिरडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, सापाचे दोन दात लागल्यासारखी. पंक्चर काढताना अशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. ट्यूबच्या टायरला उड्यांसाठी साधारण ३० ते ४० पीएसआय, वजनाप्रमाणे कमी-जास्त. फार कडकही नको, टायरनं थोडा धक्का घ्यायलाच हवा. टायरची बाजू चिमटीत धरून बघा. कागदासारखी दुमडली तर तो रस्त्याचा टायर आहे, वरचे गोटे कितीही मोठे असू देत.

किती उंचीला कुठलं चाक

अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेनं सायकलींचे वापराप्रमाणे पाच वर्ग केले आहेत. पहिला डांबरी रस्त्याचा. दुसरा कच्च्या रस्त्याचा, १५ सेंटिमीटरपर्यंतच्या पायरीसह. तिसरा खडबडीत वाटांचा, उडी ६१ सेंटिमीटरपर्यंत. चौथा १२२ सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढचं सगळं, म्हणजे फ्रीराइड आणि डाउनहिल, पाचवा. चांगल्या चाकांच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, तो बघून घ्या.

तालुक्याच्या दुकानात ‘एमटीबी’ म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक सायकली दिसायला तिसऱ्या-चौथ्या वर्गाच्या आणि बांधणीनं पहिल्या-दुसऱ्याच्या. मागे मोठी स्प्रिंग आहे म्हणजे उडीची सायकल, असं नाही. कित्येकांच्या माहितीपुस्तिकेत उड्या मारू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका सायकल घरी येण्याआधीच हरवते. शाळा-कॉलेजला जाण्यासाठी या सायकली वाईट नाहीत. पालकांनी घेताना पोराला सरळ विचारावं, शाळेला जाणार की टेकडीवर जाणार? दोन्ही म्हणाला तर दुपदरी रिम, ३६ स्पोक आणि कॅसेटचा हब एवढं तरी दुकानदाराकडून बदलून घ्यावं. आणि अशा सायकलनं गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबावं. चाक मजबूत केलं की पुढचा कमजोर भाग शॉकअप असतो, आणि तो तुटला की माणूस तोंडावरच पडतो. हेल्मेटचा खर्च चाकाच्या आधी धरा.

नवं चाक आणल्यावर

यंत्रावर बांधलेलं चाक दुकानातून येतं तेव्हा सरळ दिसतं, पण ताण सारखा असेलच असं नाही. चाक फिरवून नुसतं डुलतं का बघणं पुरेसं नाही. एका बाजूचे स्पोक बोटानं एकेक छेडा. तुणतुण्याच्या तारेसारखा सूर येतो. एकाच बाजूचे सगळे जवळपास एका सुरात हवेत. एखादा ‘थप्प’ वाजला तर तो सैल आहे. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचा सूर डाव्यापेक्षा चढाच असतो, दात्यांच्या गठ्ठ्यामुळे स्पोक तिकडे जास्त उभे असतात. त्याची काळजी नको.

आऊट काढणारा कारागीर जुना असेल तर तो चाक बांधून झाल्यावर समोरासमोरचे स्पोक जोडीजोडीनं मुठीत धरून दाबतो. कटकट आवाज येतो, स्पोक आपापल्या जागी बसतात, मग तो पुन्हा ताण देतो. असा माणूस तालुक्यात असेल तर त्याच्याकडून बांधून घेतलेलं मध्यम किमतीचं चाक डब्यातून आलेल्या भारी चाकापेक्षा जास्त टिकतं. अशी माणसं कमी होत चालली आहेत. तरुण पोरांनी त्यांच्याकडे चार दिवस बसून हे शिकून घ्यायला हरकत नाही, निपलची चावी काही महाग नसते.

पहिल्या दोन-तीन वेळा टेकडीवरून आल्यावर स्पोक पुन्हा तपासा, सुरुवातीला ताण थोडा उतरतोच. नंतर महिन्यातून एकदा. चाक धुतल्यावर रिम कोरडी पुसा आणि निपलच्या भोकांभोवती उजेडात बघा. केसाएवढा तडा दिसला तर ती रिम संपली. आऊट काढून, ताण वाढवून ती सरळ दिसेल, पण पुढच्या उडीत भोकासकट निपल बाहेर येईल. अशी रिम भंगारात द्या, धाकट्या भावाच्या सायकलला चढवू नका.